पेचकस ओळखा, मग हाती धरा



यंत्र बंद पडते ते बहुधा ऐन कामाच्या दिवशी. कपाशीवर मावा-तुडतुडे दिसले, औषध आणले, पाणी भरले, आणि पाठीवरचा पंपच दाब धरीना. आत कचरा अडकलेला असतो, नाही तर एखादा वायसर फाटलेला असतो. काम दहा मिनिटांचे. पण झाकणाचा एक स्क्रू निघत नाही. मग घरातली सुरी येते, विळ्याचे टोक येते, शेवटी छिन्नी-हातोडी येते. स्क्रूचे डोके गुळगुळीत होते आणि पंप तालुक्याच्या गावी जातो. दोन दिवस फवारणी लांबते. कीड काही आपल्यासाठी थांबत नाही.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तसा हा प्रकार. स्क्रू काही पैशांचा, पण त्यापायी दोन दिवस वाया आणि पिकाचे नुकसान वेगळे.

म्हणून या वेळच्या पत्रिकेत आपण एका साध्या अवजाराची ओळख करून घेणार आहोत. कुणी त्याला पेचकस म्हणतात, कुणी डिसमिस, कुणी सरळ स्क्रू-ड्रायव्हर. नाव कोणतेही घ्या, लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे: स्क्रूच्या खाचेत जो पेचकस गच्च बसतो, तोच त्या स्क्रूचा पेचकस. बाकी सगळे याच्या मागून येते.

स्क्रू धरतो कसा?

स्क्रूच्या अंगावर जे वळसे असतात त्यांना आटे म्हणतात. घाटाचा रस्ता जसा डोंगराला वळसे घेत हळूहळू वर चढतो, तसे हे आटे. आपण स्क्रू एक फेरा फिरवला की तो एका आट्याइतकाच आत जातो. फेरा मोठा आणि पुढची चाल थोडी, म्हणून हाताच्या थोड्या जोरात तो दोन भागांना घट्ट आवळून धरतो.

घड्याळाचे काटे फिरतात त्या दिशेने फिरवला की स्क्रू आवळतो, उलट फिरवला की सैल होतो. मात्र काही ठिकाणी आटे मुद्दाम उलटे असतात. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. गवत कापायच्या यंत्राच्या पात्याचा नटही बहुतेक वेळा उलट्या आट्याचा असतो. चालता चालता तो आपोआप सैल होऊ नये म्हणून ही योजना. अशा जागी नेहमीप्रमाणे सैल करायला गेलात तर तो आणखी आवळत जाईल. निघत नसेल तर जोर वाढवण्याआधी एकदा हा विचार करावा.

पेचकसाचे तीन भाग

पेचकसाला मूठ, दांडी आणि टोक असे तीन भाग असतात.

मूठ जितकी जाड तितका पीळ जास्त बसतो. बारीक मुठीच्या पेचकसाने हात सोलून घ्यावा, तेव्हा जाड मुठीचा पेचकस तेच काम सहज करतो. दांडी लांब असली म्हणून पीळ वाढत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लांब दांडीचा उपयोग खोल जागी पोचायला आणि पेचकस सरळ रेषेत धरायला होतो. अडचणीच्या जागेसाठी बुटका पेचकस मिळतो.

टोक हा खरा कामाचा भाग. तो कडक पोलादाचा हवा. हलक्या लोखंडाचे टोक दोन-चार वेळा जोर लावला की वळते किंवा गोल होते. असे घासलेले टोक चांगला स्क्रूही खराब करते. एकच दांडी उलटसुलट बसवून दोन्ही टोके वापरता येतील असा पेचकसही मिळतो. किरकोळ कामाला तो सोयीचा आहे. पण दांडी मुठीत डुगडुगत असेल तर अवघड स्क्रूला लावू नये.

टोकांचे प्रकार

चपटा: सगळ्यांत जुना प्रकार. स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच असते. यात दोन गोष्टी बघायच्या. टोकाची रुंदी खाचेच्या लांबीइतकी हवी आणि टोकाची जाडी खाच भरेल इतकी हवी. टोक अरुंद असेल तर खाचेच्या मधोमध जोर येऊन ती फाटते. टोक जास्त रुंद असेल तर बाजूचा पत्रा किंवा लाकूड ओरबाडते. टोक पातळ असेल तर ते खाचेत हलते आणि वर निसटते.

फुलीचा: डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांनी १९३० नंतरच्या काळात हा प्रकार बाजारात आणला. १९३६ साली त्याची पेटंटे मिळाली आणि मोटारींच्या कारखान्यांत तो लवकरच रुळला. कारण असे की फुलीत टोक आपोआप मध्यावर बसते, चपट्यासारखे बाजूला घसरत नाही. याचे नंबर असतात. एक नंबर बारीक, दोन नंबर मध्यम, तीन नंबर मोठा. आपल्या शेतावरच्या यंत्रांना दोन नंबर सगळ्यांत जास्त लागतो. बारीक स्क्रूला एक नंबर लागतो. दोन नंबरच्या खाचेत एक नंबरचे टोक जाते खरे, पण बसत नाही. फुल्या खराब होतात त्या बहुतेक याच कारणाने.

फुलीचे भाऊबंद: काही फुल्यांच्या मधल्या चार कोपऱ्यांत आणखी चार बारीक रेघा असतात. हा पोझिड्राइव्ह नावाचा वेगळा प्रकार, याचे टोकही वेगळे. जपानी बनावटीच्या काही इंजिनांवर फुलीच्या शेजारी एक बारीक ठिपका दिसतो. तिथे नेहमीचे फुलीचे टोक पुरते तळाला टेकत नाही. जपानी मापाचे टोक मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर भरपूर दाब देऊन बेताने फिरवावे.

सहा कोनांचे: स्क्रूच्या डोक्यात सहा बाजूंचा खड्डा असेल तर त्याला पेचकस चालत नाही. त्याला इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली एलन की लागते. खड्डा सहा पाकळ्यांच्या चांदणीसारखा असेल तर तो टॉर्क्स. दुकानात नुसते ‘स्टार’ मागितले की पुष्कळदा फुलीचाच पेचकस हाती देतात. म्हणून जुना स्क्रू सोबत न्यावा आणि टोक त्यात बसवून बघावे.

आणि डोके बाहेरून षटकोनी असेल तर ते पान्याचे काम. तिथे पक्कड लावून कोपरे झिजवू नयेत.

फिरवण्याआधी दाबा

तुम्ही म्हणाल, पेचकस फिरवायला काय शिकायचे? पण बहुतेक स्क्रू बिघडतात ते फिरवण्याच्या घाईनेच. पुढील क्रम ठेवावा.

१. खाचेतली माती, औषधाचा थर, रंग आधी काढावा. बाभळीचा काटा किंवा बारीक तार पुरते. खाच भरलेली असेल तर टोक तळापर्यंत जाणारच नाही.

२. टोक खाचेत ठेवून हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवून बघावे. डुगडुगले तर पेचकस बदलावा.

३. पेचकस स्क्रूच्या सरळ रेषेत धरावा. तिरका धरला की टोक एकाच कडेवर टेकते.

४. आधी दाबावे, मग फिरवावे. फुलीच्या खाचेच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे पीळ वाढला की टोक वर उचलले जाते. अडकलेल्या स्क्रूला फिरवण्यापेक्षा दाबण्यात जास्त जोर घालावा.

५. टोक एकदा जरी घसरले तरी थांबावे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तसेच फिरवले की डोके गेलेच म्हणून समजा.

स्क्रू परत बसवतानाही एक युक्ती आहे. विशेषतः बॅटरीच्या पंपाच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला ती फार उपयोगी पडते. स्क्रू भोकात ठेवून आधी हलक्या हाताने उलटा फिरवावा. एके ठिकाणी तो टक् करून किंचित खाली बसतो. तिथून सुलटा फिरवावा. म्हणजे तो आपल्या जुन्या आट्यांतच जातो. एकदम आवळायला घेतला तर प्लॅस्टिकमध्ये नवे आटे पडतात, जुने तुटतात, आणि मग झाकण कधीच घट्ट बसत नाही. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू टेकला की थोडा आवळावा आणि थांबावे.

झाकणाला चार-सहा स्क्रू असतील तर एकच पूर्ण आवळून पुढे जाऊ नये. आधी सगळे सैलसर बसवावेत, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. म्हणजे खालचा रबरी वायसर सगळीकडून सारखा दाबला जातो आणि गळती होत नाही.

लाकडात स्क्रू मारायचा असेल तर आधी बारीक भोक पाडावे आणि स्क्रूला साबण चोळावा. फळी फुटत नाही आणि मनगटही दुखत नाही.

गंजलेला स्क्रू काढताना

पावसाळ्यात आणि खताच्या, औषधाच्या संगतीत लोखंडी स्क्रू हमखास गंजतात. अशा वेळी घाई करू नये. सायंकाळी स्क्रूच्या कडेने गंज सोडवण्याचे तेल सोडावे. तेल नसेल तर थोडे डिझेल चालते. रात्रभर मुरू द्यावे. रबरी वायसरवर मात्र डिझेल सांडू देऊ नये, रबर फुगते. विजेच्या पेटीत तर तेल-डिझेल कधीच सोडू नये.

सकाळी स्क्रूच्या डोक्यावर हातोडीने दोन-चार हलके ठोके द्यावेत. गंजाची पकड ढिली होते. मग सैल करण्याआधी केसभर आवळायच्या दिशेने फिरवून बघावे. तो जागचा हलला की अर्धे काम झाले. आता पुढे-मागे, पुढे-मागे करत काढावा.

डोके थोडे खराब झाले असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा लहान तुकडा खाचेवर ठेवून त्यावरून पेचकस दाबावा. रबर मोकळी जागा भरून काढते आणि पकड मिळते. तरीही न निघाला आणि डोके वर असेल तर पकडीने कडेला धरून फिरवावा, किंवा करवतीच्या पात्याने डोक्यावर नवी सरळ खाच पाडून चपटा पेचकस लावावा. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये ठोक्याचा पेचकस असतो. हातोडीचा ठोका दिला की तो एकाच वेळी दाबतो आणि फिरवतो. इंजिनच्या हट्टी स्क्रूला त्यासारखे दुसरे अवजार नाही.

पेट्रोल-डिझेलच्या टाकीजवळचा स्क्रू तापवून काढायच्या भानगडीत पडू नये.

निघालेला खराब स्क्रू पुन्हा बसवू नये. त्याच लांबीचा आणि त्याच आट्याचा नवा आणावा. औषधाशी-पाण्याशी संबंध येणाऱ्या जागी स्टेनलेस स्टीलचा मिळाला तर दोन पैसे जास्त द्यावेत.

विजेच्या पेटीपाशी

आता सर्वांत महत्त्वाचे. पेचकस हाती आला की मोटारीचा स्टार्टर उघडण्याचा मोह होतो. स्टार्टरमधले वायरींचे स्क्रू सैल झाले की तिथे उष्णता होते, वायर काळी पडते, एक फेज तुटतो आणि मोटार जळते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ते तपासून घेणे शहाणपणाचे आहे. पण हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. तो काम करत असताना तुम्ही पुढील गोष्टी घडतात की नाही हे बघावे.

लाईट गेलेली आहे म्हणजे पेटी सुरक्षित आहे, असे मुळीच नाही. लाईट कोणत्या क्षणी येईल ते आपल्या हाती नसते. ऑटो स्विच लावलेला असेल तर मोटारही आपोआप सुरू होते. म्हणून आधी मेन स्विच बंद करावा, मग तिन्ही फ्यूज काढून खिशात ठेवावेत. ते खिशात असले म्हणजे दुसऱ्या कुणाला चुकून लावता येत नाहीत. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला खांबावरून आलेल्या वायरीत वीज असतेच. तिथे हात लावू नये.

टेस्टरविषयी दोन शब्द. टेस्टर दिसतो पेचकसासारखा, पण तो पेचकस नव्हे. त्याच्या मुठीत बारीक दिवा आणि विजेला अडवणारा रेझिस्टर असतो. पीळ देऊन तो तडकला की टेस्टर खोटे सांगू लागतो. आणि दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असेही समजू नये. टेस्टर आधी चालू असलेल्या बटनाच्या सॉकेटवर तपासावा, मग पेटीत तिन्ही फेजवर लावावा आणि शेवटी पुन्हा सॉकेटवर तपासावा. तीन फेजच्या लाईनीत दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतात. तिथे चुकीला माफी नाही.

विजेच्या कामाचा पेचकस वेगळा मिळतो. त्याच्या दांडीवर टोकापर्यंत आवरण असते आणि मुठीवर १००० व्होल्ट व दोन त्रिकोणांची खूण असते. साध्या पेचकसाच्या दांडीवर घरी चिकटपट्टी गुंडाळून तो विजेचा होत नाही. आणि खरा आवरणाचा पेचकस असला तरी चालू विजेवर काम करण्याची ती परवानगी नव्हे.

ज्यांच्याकडे सौर कृषिपंप आहे त्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. सोलर प्लेटवर ऊन पडते आहे तोवर तिच्या वायरीत वीज येतच राहते. कंट्रोलरचे बटन बंद केले तरी प्लेटकडून येणारी वायर जिवंतच असते, आणि साधा टेस्टर तिथे भरवशाचा नाही. त्या पेटीला स्वतः पेचकस लावू नये, पंप बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला बोलवावे. सिंगल फेज मोटारीच्या पेटीतला कपॅसिटरही लाईट बंद केल्यावर काही वेळ वीज धरून ठेवतो. त्यालाही हात लावू नये.

हात सांभाळा

वस्तू तळहातावर धरून तिच्यात पेचकस फिरवू नये. टोक निसटले की थेट तळव्यात घुसते. वस्तू फळीवर, दगडावर टेकवावी, जमल्यास शिकंजात धरावी. शेतातल्या आणि गोठ्यातल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. असे काही लागले तर जखम साबण-पाण्याने धुऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हळद लावून बसू नये.

फवारणी पंप उघडण्याआधी आतले औषध रिकामे करून तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावा आणि रबरी हातमोजे घालावेत. नोझल तुंबले तर त्याच्या भोकात पेचकसाचे टोक किंवा तार घालू नये. भोक मोठे होते, थेंब मोठे पडतात आणि औषध वाया जाते. मऊ ब्रशाने आणि पाण्याने साफ करावे. तोंडाने तर कधीच फुंकू नये.

आणि पेचकसाने छिन्नीचे, पहारीचे, डबा उघडायचे काम घेऊ नये. टोकाला एकदा कपरा उडाला की तो पेचकस स्क्रूच्या कामाचा राहत नाही.

घरात काय असावे?

मोठ्या पेटीची गरज नाही. पुढील गोष्टी पुरतात: साधारण ३ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर रुंदीचे दोन चपटे पेचकस, एक नंबर आणि दोन नंबरचे दोन फुलीचे, एक बुटका, एलन कीचा एक संच, एक टेस्टर, आणि तेलाची लहान कुपी. वीस-तीस टोकांचा स्वस्त डबा घेण्यापेक्षा चांगल्या पोलादाचे हे पाच पेचकस घ्यावेत.

काम झाले की टोक पुसून तेलाचा बोळा फिरवावा आणि सगळे एका कॅनव्हासच्या पिशवीत, एकाच खुंटीला ठेवावे. यंत्र उघडताना काढलेले स्क्रू मातीत न ठेवता ताटलीत ठेवावेत, आणि ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने मांडावेत. लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर लांब स्क्रू आतला भाग फोडतो.

घरातल्या मुलामुलींनाही हे दाखवून ठेवावे. गडी माणूस परगावी असला तरी पंपाचा वायसर बदलायला मग कुणाची वाट बघावी लागत नाही.

पेरणीची गडबड सुरू होण्याआधी एक दुपार काढा. आपल्या घरचा पंप, कडबाकुट्टी, इंजिन यांच्यावर कोणकोणत्या खाचांचे स्क्रू आहेत ते बघून कागदावर लिहा, आणि आपल्याकडचा पेचकस प्रत्येकात बसवून बघा. जो बसत नाही तो येत्या बाजाराच्या दिवशी घेऊन या. म्हणजे ऐन फवारणीच्या दिवशी विळ्याच्या टोकाला हात घालण्याची पाळी येणार नाही.